कोटा, कॅम्प आणि परत येणारा पेशंट

बीडीएसच्या शेवटच्या वर्षातल्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त घोर कशाचा? अभ्यासाचा नव्हे, पेशंटचा. प्रत्येक विभागाचा कोटा ठरलेला असतो: इतकी स्केलिंग, इतकी फिलिंग, इतके दात काढायचे, एखाददुसरी पूर्ण कवळी. परीक्षेच्या दिवशी तर नेमकी हवी तिथे, हवी तेवढीच कीड लागलेली दाढ घेऊन कुणीतरी सकाळी नऊला खुर्चीत हजर हवं. मग मेसच्या मावशी, वॉचमन, रिक्षावाले, मैत्रिणीची आजी अशी शोधाशोध सुरू होते. पेशंटचं येण्याजाण्याचं भाडं पुष्कळदा विद्यार्थ्याच्या खिशातून जातं. महाविद्यालयाच्या शहरापासून पन्नास किलोमीटरवरच्या गावात कुणीतरी ठणकत्या दाढेत तंबाखूची चिमूट दाबून रात्र काढत असतं. जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, हा त्याचा हिशेब.

एकीकडे पेशंट शोधणारा विद्यार्थी, दुसरीकडे डॉक्टर नसलेलं गाव. दोघांची गाठ घालून द्यावी हे कुणालाही सुचेल, आणि ते सुचूनही बरीच वर्षं झाली. गाठ कुणी घालायची, कोणत्या जागी आणि किती दिवसांसाठी, यावर मात्र दंतशिक्षण जगभर अडखळत आलं आहे. विद्यार्थ्याला महाविद्यालयाबाहेर, वस्तीतल्या किंवा गावातल्या चालत्या दवाखान्यात शिकवण्याचे जे प्रयोग झाले, त्यांतून काय हाती लागलं आणि आपण त्यांतलं काय घेतलं, याचा हा आढावा.

अडचणीचं मूळ जुनं आहे. जगातलं पहिलं दंत महाविद्यालय १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला निघालं, ते वैद्यकीय महाविद्यालयापासून वेगळं. तेव्हापासून दंतवैद्यकाचा संसार वेगळाच राहिला. एमबीबीएसचा विद्यार्थी शिकतो तो मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात. तिथे पेशंट आधीच असतात आणि विद्यार्थी त्यांच्यात जाऊन मिसळतो. दंत महाविद्यालयाचा दवाखाना महाविद्यालयानेच शिकवण्यासाठी उभा केलेला असतो, त्यामुळे तिथे अभ्यासक्रम आधी येतो आणि पेशंट नंतर. एक फिलिंग करायला अख्खी सकाळ जाते, कारण दर टप्प्याला सरांची सही लागते. शिकताना ही सावकाशी हवीच. पण चार वर्षं केवळ याच गतीने काम केलेल्या मुलाला दवाखाना म्हणजे काय हे कळत नाही. दाराशी सहा माणसं थांबलेली, त्यांतल्या एकीला ताप, एकाचे पैसे कमी, ऑटोक्लेव्हची सायकल संपायची आहे, अशा वेळी कुणाला आधी घ्यायचं हे कोट्याच्या वहीत लिहिलेलं नसतं. विल्यम गाइस यांनी १९२६ मध्ये कार्नेगी फाउंडेशनसाठी लिहिलेल्या प्रसिद्ध अहवालाने अमेरिकेतल्या दंतशिक्षणाला धंदेवाईक शाळांतून बाहेर काढून विद्यापीठांत बसवलं. दर्जा सुधारला, हे मान्यच करायला हवं. दवाखान्याच्या भिंती मात्र त्याने आणखी पक्क्या झाल्या.

त्या भिंतींना दार पडायला सुरुवात झाली १९६५ नंतर. बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत आणि मग मिसिसिपीतल्या माउंड बायू गावात जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या डॉक्टरांनी टफ्ट्स विद्यापीठाच्या आधाराने सामुदायिक आरोग्य केंद्रं काढली. आज अमेरिकेत अशा केंद्रांचं मोठं जाळं आहे. सरकारचं अनुदान, स्थानिक लोकांचं बहुमत असलेलं संचालक मंडळ आणि ऐपतीप्रमाणे फी, अशी त्यांची घडण. पुष्कळ केंद्रांत दातांच्या खुर्च्याही आहेत आणि दंतवैद्य कायमच कमी पडतात. म्हणजे जागा तयार होती. कोलोरॅडो विद्यापीठाने १९८५ पासून शेवटच्या वर्षाची मुलं राज्यभरच्या दवाखान्यांत पाठवायला सुरुवात केली आणि ती प्रथा टिकली. बाकीच्या बहुतेक महाविद्यालयांत बाहेर जाणं म्हणजे आठवडा-पंधरवड्याची हजेरी.

१९९५ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने दंतशिक्षणावर अहवाल काढला, त्यात विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाबाहेरच्या खऱ्याखुऱ्या सेवेत काम करावं असं स्पष्ट म्हटलं. २००० मध्ये तिथल्या सर्जन जनरलच्या अहवालाने तोंडाचे आजार गरिबांच्या वाट्याला किती जास्त येतात ते देशापुढे मांडलं. २००७ मध्ये मेरिलँडमधला डिमॉन्टे ड्रायव्हर हा १२ वर्षांचा मुलगा किडलेल्या दातातला संसर्ग मेंदूपर्यंत पोचून दगावला. दात काढायचा खर्च ८० डॉलरच्या आसपास होता. नंतर दवाखान्यावर झालेला खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला. दंतवैद्यांची वाण नसलेल्या देशात हे घडलं, म्हणून ते जास्त बोचलं.

२००० चा अहवाल आणि हा मृत्यू यांच्या मधल्या काळात या विषयावरचा सगळ्यात मोठा प्रयोग झाला. रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनने, आणि कॅलिफोर्नियात तिथल्याच एका न्यासाने, पंधरा दंत महाविद्यालयांना पैसे दिले. अट अशी की शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने साठ दिवस बाहेरच्या दवाखान्यांत काम करावं, आणि प्रवेश देताना गरीब व अल्पसंख्य घरांतली मुलं वाढवावीत. प्रकल्पाचं नाव 'पाइपलाइन'. बाहेरचे दिवस वाढले. विद्यार्थी तिथे दिवसाला कितीतरी जास्त पेशंट बघतात, हात लवकर बसतो, हेही पुन्हा पुन्हा दिसलं. परीक्षेत ही मुलं कुठे मागे पडली नाहीत. पण ज्या आशेने हा घाट घातला होता, की एकदा गरीब वस्तीत काम केलेला मुलगा पुढे तिथेच दवाखाना काढेल, त्या बाबतीत फारसा फरक पडलेला दिसला नाही. डोक्यावर शिक्षणाच्या कर्जाचा डोंगर घेऊन बाहेर पडणारा मुलगा साठ दिवसांच्या आठवणीवर गाव निवडत नाही. मला हा निष्कर्ष अपयशापेक्षा उपयोगी वाटतो, कारण त्यातून दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. बाहेरच्या दवाखान्यात शिकवल्याने दंतवैद्य चांगला होतो. तो कुठे बसतो हे मात्र त्याच्या मूळ गावावर, कर्जावर आणि पगारावर ठरतं. पहिल्या गोष्टीकडून दुसरीची हमी मागितली की निराशाच पदरी येते.

नॉर्थ कॅरोलायनातल्या ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाने हा धडा पायाभरणीतच घेतला. २०११ मध्ये तिथे नवं दंत महाविद्यालय सुरू झालं. तुकडी पन्नासच्या आसपास, आणि प्रवेश फक्त राज्यातल्या रहिवाशांना. मुख्य इमारत ग्रीनव्हिलला, पण राज्यभरात आणखी आठ केंद्रं. ईशान्येला अहोस्कीसारखं छोटं गाव, पश्चिमेला डोंगरातलं सिल्वा. प्रत्येक ठिकाणी सोळाएक खुर्च्या, पूर्णवेळ प्राध्यापक, पुढचं प्रशिक्षण घेणारे तरुण डॉक्टर, आणि त्यांच्या हाताखाली शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. एकेक विद्यार्थी नऊ-नऊ आठवडे तीन वेगवेगळ्या केंद्रांत राहतो, त्याच गावात घर घेऊन. शेवटच्या वर्षाचा निम्म्याहून जास्त काळ असा बाहेर जातो. आणि ही केंद्रं कुणा परक्या संस्थेची नाहीत, महाविद्यालयाचीच आहेत. त्यामुळे शिकवणारा कोण, सही कुणाची, चूक झाली तर जबाबदार कोण, या तीन प्रश्नांवर कागदी घोडे नाचवावे लागत नाहीत. खर्च अर्थातच जास्त. ॲरिझोनातल्या ए. टी. स्टिल विद्यापीठाने २००३ मध्ये याच्या उलट वाट धरली होती: स्वतः केंद्रं बांधायची नाहीत, देशभरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांशी करार करायचे. ते स्वस्त पडतं, पण प्रत्येक केंद्रातला दंतवैद्य शिकवायला तयार आणि लायक आहे ना, हे वर्षानुवर्षं तपासत राहावं लागतं. चांगला कारागीर चांगला शिक्षक असतोच असं नाही. आपल्या खासगी दवाखान्यांत असिस्टंट म्हणून राबलेल्या कुठल्याही नव्या डॉक्टरला हे पाठ असेल.

इंग्लंडमध्ये प्लिमथच्या पेनिन्सुला दंत विद्यालयाने २००७ पासून सुरुवातीच्या वर्षांतच मुलांना वस्तीतल्या दवाखान्यांत नेलं आणि ते दवाखाने चालवायला वेगळा सामाजिक उपक्रमही उभा केला. ब्राझीलची गोष्ट मोठी आहे. तिथे २००२ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रमानेच दंतशिक्षण सरकारी आरोग्यसेवेशी बांधलं आणि २००४ मध्ये 'ब्राझील सोरिदेंते' या कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यांत दंतवैद्यांच्या जागा भराभर वाढवल्या. शिकण्याची जागा आणि पुढच्या नोकरीची जागा एकच झाली, आणि अमेरिकेला नेमकं हेच जमलं नव्हतं.

आता आपल्याकडे. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्याला काढलं. १९४८ च्या कायद्याने दंतवैद्यक परिषद आली आणि आज देशात तीनशेच्या वर दंत महाविद्यालयं आहेत. संख्येला तोटा नाही. चार वर्षांच्या बीडीएसनंतर एक वर्षाची इंटर्नशिप, आणि परिषदेच्या नियमावलीने त्यातले तीन महिने सामुदायिक दंतवैद्यक आणि ग्रामीण सेवेला दिलेले आहेत. बारातले तीन. पाइपलाइनवाल्यांनी मोठ्या कष्टाने मागितलेल्या साठ दिवसांपेक्षा हे जास्तच भरतात. म्हणजे कागदावर आपण पुढे आहोत.

त्या तीन महिन्यांत घडतं काय? कॅम्प. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा समाजमंदिरात टेबलं मांडायची, बॅनर बांधायचा, सरपंचांचा सत्कार. मुलं रांगेने येतात. आरसा, प्रोब, टॉर्च. एक जण दात मोजतो, दुसरा फॉर्म भरतो. किडलेले किती, पडलेले किती, भरलेले किती. भरलेल्यांच्या रकान्यात बहुतेक शून्य. दुपारपर्यंत दीडशे तोंडं बघून होतात, टूथपेस्टची छोटी पाकिटं वाटली जातात, ब्रश कसा करायचा ते मोठ्या जबड्याच्या मॉडेलवर दाखवलं जातं आणि ज्यांना उपचार हवेत त्यांच्या हाती महाविद्यालयाची चिठ्ठी. कधी मोबाइल व्हॅन असते, तिच्यात थोडे दात निघतात. अनेक खासगी महाविद्यालयांत कॅम्पचा खरा उपयोग ओपीडी भरायला होतो, हे या क्षेत्रातले लोक खासगीत हसत सांगतात. महाविद्यालयाची बस गावातून माणसं आणते, केसपेपर निघतात, आणि तपासणीला येणाऱ्या समितीला रजिस्टर भरलेलं दिसतं. पुढच्या कॅम्पला दुसरं गाव. त्या दीडशेतल्या किती जणांनी चिठ्ठी घेऊन पन्नास किलोमीटर प्रवास केला, हे कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही.

कॅम्पवर तुटून पडण्याचा हेतू नाही. सर्वेक्षणाला, तंबाखूबद्दल गावाशी बोलायला तो बरा. पण शिकवण्याचं साधन म्हणून त्यात एक उणीव आहे आणि ती भरून निघणारी नाही: पेशंट परत येत नाही. दंतवैद्याचं निम्मं शिक्षण परत आलेल्या पेशंटकडून होतं. भरलेलं सिमेंट दोन महिन्यांत का निघालं, कवळी हिरडीला कुठे घासते, औषध का घेतलं नाही, 'बरं वाटलं म्हणून आलो नाही' म्हणजे नेमकं काय, हे एकदाच भेटणाऱ्या रांगेतून शिकता येत नाही.

याचं सरळ उदाहरण आहे एआरटी या तंत्राचं. १९८०च्या दशकात टांझानियात, वीज आणि ड्रिल नसलेल्या ठिकाणी काम करताना ते विकसित झालं. हातातल्या छोट्या कोरणीने मऊ झालेली कीड खरवडून काढायची, पावडर आणि द्रव घोटून ग्लास आयोनोमर सिमेंट करायचं, खड्ड्यात भरायचं आणि बोटाला व्हॅसलिन लावून ते दाबून बसवायचं. तासभर काही खायचं नाही. भूल नाही, घरघर नाही, लहान मूलही बहुधा रडत नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ग्लास आयोनोमर सिमेंट, सिल्व्हर डायअमिन फ्लोराइड आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. म्हणजे आरोग्य उपकेंद्राच्या बाकावरही करता येईल असं हे काम आहे. आपल्या इंटर्नला ते येतं का? पुस्तकातून येतं. हाताने अशी पन्नास फिलिंग केलेला आणि त्यांतली सहा महिन्यांनी किती टिकली हे स्वतः पाहिलेला इंटर्न दुर्मीळ.

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेताना आढळले. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. विदर्भातला खर्रा पन्नीत घोटून मिळतोच. सुपारी, तंबाखू, चुना. आधी तिखट सोसेनासं होतं, मग गाल आतून पांढुरके आणि ताठ होत जातात, शेवटी तोंड उघडत नाही. तपासायला यंत्र लागत नाही: पेशंटला स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालायला सांगायचं. दोनच गेली तर पुढची चौकशी करायची. वर्गात या आजाराच्या, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिसच्या स्लाइड सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यात बाईला 'तंबाखू खाता का' विचारलं तर ती खरंच 'नाही' म्हणते, कारण ती तंबाखू खात नाही, तव्यावर भाजून कुटलेली मशेरी लावते, दिवसातून चार वेळा. 'मशेरी लावता का' असं विचारायचं असतं, आणि तेही नवरा-सासू बाजूला असताना नाही, हे इंटर्नला आशाताई शिकवते. तिला कुठलंही विद्यापीठ मानद प्राध्यापक करत नाही, ही आपली कंजुषी.

ग्रामीण भागात विद्यार्थ्यांना नेण्याचा अनुभव आपल्याला अजिबात नाही असं नाही. वैद्यकीय शिक्षणात श्रीवास्तव समितीच्या शिफारशींनंतर १९७७ मध्ये 'रोम' योजना आली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने आधी तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यावी, असं ठरलं. फिरते दवाखाने दिले गेले. योजना हळूहळू थंडावली. केंद्र आरोग्य खात्याचं, प्राध्यापक शिक्षण खात्याचे. दोघांचे साहेब वेगळे, बदल्या वेगळ्या, गाडीच्या डिझेलचं बिल कुणी भरायचं हाही वेगळा वाद. याच काळात सेवाग्रामला मात्र वेगळं घडलं. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये काढलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्या वर्षी तिथे शिबिरात राहते, प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक कुटुंबं वाटून दिली जातात आणि तो पुढची वर्षं त्याच घरी जात राहतो. घरच्यांना त्याचं नाव माहीत असतं. आज आला नाही तर विचारतात.

दंत महाविद्यालयांना हे का जमू नये? अडचणी खऱ्या आहेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साधारणपणे दंतवैद्य नसतो; तो भेटतो ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, आणि तिथेही खुर्ची असते तर कंप्रेसर बंद, कंप्रेसर चालू तर सिमेंट संपलेलं. २०१४ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाने या दवाखान्यांना उपकरणं आणि माणसं देण्याचं ठरवलं, आणि आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांच्या सेवांमध्येही तोंडाचं आरोग्य धरलेलं आहे. पण रोजच्या दातदुखीचा खर्च भागवणारी योजना नाही. सरकारी विम्याचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर. दाढ भरायला कुणी दाखल होत नाही. अमेरिकेत आरोग्य केंद्राला दर भेटीमागे पैसे मिळतात, म्हणून विद्यार्थ्याने बघितलेला पेशंट केंद्राला परवडतो. आपल्या ग्रामीण रुग्णालयाला इंटर्नने दहा फिलिंग जास्त केली तर फक्त दहा सिमेंटचा खर्च वाढतो. या साध्या हिशेबाकडे काणाडोळा करून काढलेले सामंजस्य करार फाइलीतच राहतात.

मग येतो तो प्रश्न, जो गावकरी विचारत नाहीत पण विचारायला हवा: गरिबांच्या तोंडावर सराव का म्हणून? शहरातल्या माणसाने इंटर्नकडून अकलदाढ काढून घेतली असती का? याला उत्तर एकच आहे आणि ते देखरेखीचं. महाविद्यालयात जे काम करायला विद्यार्थ्याला शिक्षक लागतो, ते गावात त्याने एकट्याने करू नये. काही कामं आधी महाविद्यालयात पक्की झालेली असल्याशिवाय बाहेर पाठवू नये. पेशंटला 'हे शिकाऊ डॉक्टर आहेत, वर सर आहेत' हे सांगावं आणि नको म्हणायची सोय ठेवावी. निर्जंतुकीकरण गावासाठी वेगळं नसतं. ज्या महाविद्यालयाला एवढं जमत नाही, त्याने आपली बस शहराबाहेर नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅम्पला इंटर्न पाठवून ज्येष्ठ शिक्षक महाविद्यालयात थांबतात, ही पद्धत सगळ्यात आधी मोडली पाहिजे.

सुरुवात लहान करता येईल. तीन महिन्यांत बारा गावांतले बारा कॅम्प करण्याऐवजी एका महाविद्यालयाने एक ग्रामीण रुग्णालय आणि त्याखालची दोन-तीन आरोग्य केंद्रं कायमची धरावीत. इंटर्नच्या तुकड्या बदलतील, जागा बदलणार नाही. जाणारी तुकडी येणाऱ्या तुकडीला पेशंटची वही सोपवेल. सार्वजनिक दंतवैद्यक विभागाचा एक शिक्षक आठवड्यातले ठरलेले दिवस तिथेच बसेल आणि ते दिवस त्याच्या कामात मोजले जातील. शाळकरी मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक करतंच, दातांची कीडही त्यांच्या यादीत आहे. मग पुन्हा दात मोजत बसण्यापेक्षा त्या पथकाने शोधलेली मुलं खुर्चीपर्यंत आणावीत. सिमेंट आणि फ्लोराइडचा खर्च महाविद्यालयाने उचलावा. परीक्षेच्या पेशंटसाठी विद्यार्थी जे भाडं भरतात त्याच्याशी तुलना केली तर ही रक्कम फार नाही.

गोव्यात तर हे आणखी सोपं. सगळ्या राज्यात एकच दंत महाविद्यालय, बांबोळीला, तेही सरकारी. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठेही सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं. दोन खात्यांचे दोन साहेब ही रोम योजनेची अडचण तिथे एका टेबलावर सुटू शकते.

२०२३ च्या कायद्याने जुन्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाची तरतूद केली आहे, आणि बीडीएसच्या शेवटी देशभर एकच परीक्षा घेण्याचीही. त्या परीक्षेचे क्लास निघतील आणि इंटर्न गावात बसण्यापेक्षा क्लासला बसेल, ही भीती खोटी नाही; एमबीबीएसच्या इंटर्नचं पदव्युत्तर प्रवेशापायी काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे आयोग महाविद्यालयांची तपासणी करायला येईल तेव्हा कोणतं रजिस्टर मागेल यावर बरंच ठरेल. वर्षभरात किती कॅम्प झाले हे विचारलं, तर कॅम्पच होतील. बाहेरच्या दवाखान्यात या वर्षी पहिल्यांदा आलेल्या पेशंटांपैकी किती जण दुसऱ्यांदा आले, त्यांतल्या किती जणांचे उपचार पूर्ण झाले, हे दोन आकडे विचारले, तर महाविद्यालयांना एका जागी बसावं लागेल.